वरचा राउटर चालतो, पण खालचा प्रिंटर दिसत नाही आणि वायफाय कार्ड ५४ च्या पुढे जात नाही

प्रश्न

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणाला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा सगळंच लिहिते.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. वाचन वरच्या मजल्यावरच्या खोलीत होतं, कारण तिथे बाहेरचा आवाज सगळ्यात कमी येतो. संपादन धाकटी बहीण करते, ती तळमजल्यावर लॅपटॉप घेऊन बसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच चॅनल एवढंच ठेवलं तरी एका तासाची फाइल ५१८ मेगाबाइटच्या आसपास भरते. पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतर करणं नको, म्हणून घरातलं नेटवर्कच नीट बसवायला घेतलं.

मुख्य राउटर खाली आहे. मध्ये स्लॅब असल्यामुळे त्याचं वायफाय वर जेमतेम येतं. म्हणून त्याच्यापासून जिन्याच्या कडेने कॅट ५ई केबल वर नेली आणि वरच्या पॅसेजमध्ये घरात पडून असलेला दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेटवर्क वायफायवर देण्यासाठी, लावला. तोही दोन्ही बँडवर चालणारा आहे. वाचनाच्या खोलीतल्या डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, म्हणून त्यात पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं, दोन अँटेनांचं वायफाय आणि ब्लूटूथ कार्ड घातलं. विंडोज १० आहे. ड्रायव्हर बसला, इंटरनेट सुरू झालं. अडचणी पुढे आहेत.

खालचा प्रिंटर वरच्या डेस्कटॉपला यादीत दिसतच नाही. त्याचा पत्ता १९२.१६८.१.४० आहे, आणि वरून त्या पत्त्याला पिंग केलं तर उत्तर मात्र येतं! बहिणीच्या लॅपटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर मला पत्ता टाकून उघडता येतं. तिला माझं उघडत नाही. म्हणजे रस्ता एकाच बाजूने चालू आहे, आणि हेच मला उमगत नाही.

दुसरं, कार्डाच्या खोक्यावर वेगाचे मोठमोठे आकडे छापलेत, पण विंडोजमध्ये जोडणीचा वेग कायम ५४ एमबीपीएस. सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असल्या तरी ५४. तोच डेस्कटॉप खालच्या मुख्य राउटरच्या वायफायला जोडला तर सिग्नल अगदी कमी असूनही आकडा याहून जास्त येतो.

आणि ब्लूटूथ तर डिव्हाइस मॅनेजरमध्येही कुठे नाही. कार्डच सदोष आहे का? बदलून मागू का?

उत्तर १

कार्ड एवढ्यात परत करू नका. आधी तीन गोष्टी सांगा. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या कोणत्या पोर्टमध्ये आहे, वेगळ्या रंगाच्या की चार सारख्या दिसणाऱ्यांपैकी एकात? डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवलं की आयपी पत्ता आणि डीफॉल्ट गेटवे काय येतं? बहिणीच्या लॅपटॉपवर काय येतं? आणि वरच्या राउटरच्या वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर नेमके कोणते शब्द निवडलेले आहेत? अक्षरशः तसेच उतरवून द्या.

प्रश्नकर्ती

केबल निळ्या पोर्टमध्ये आहे, त्यावर वॅन लिहिलंय. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१. बहिणीचा १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१. मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. सिक्युरिटीच्या पानावर "डब्ल्यूपीए-पर्सनल" आणि त्याखाली "एन्क्रिप्शन: टीकेआयपी" असं आहे.

उत्तर २

तुमच्या या चार ओळींत निदान झालेलं आहे. घरोघरीची आणि काही छोट्या वाचनालयांची नेटवर्कं मी बसवून देतो आणि ही जोडगोळी मला वारंवार भेटते. कार्ड चांगलं आहे. वरच्या राउटरमधल्या दोन सेटिंग्ज बदलायच्या आहेत.

आधी एका बाजूने चालणाऱ्या रस्त्याबद्दल. मास्क २५५.२५५.२५५.० असताना पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असतील तरच दोन यंत्रं एका नेटवर्कमध्ये असतात. तुमचा डेस्कटॉप "०" च्या नेटवर्कमध्ये आहे आणि खालचं सगळं घर "१" च्या. म्हणजे तुमच्याकडे सध्या अ‍ॅक्सेस पॉइंट नाहीच, एकापाठोपाठ दोन राउटर आहेत. केबल वॅनमध्ये लागली की दुसरा राउटर त्या बाजूच्या सगळ्याला बाहेरचं इंटरनेट समजतो. आतून निघालेली मागणी तो स्वतःच्या पत्त्यावर बाहेर पाठवतो आणि आलेलं उत्तर तुमच्यापर्यंत पोचवतो, म्हणून तुमचं पिंग प्रिंटरपर्यंत जाऊन परत येतं आणि बहिणीचं फोल्डरही उघडतं. बाहेरून आपणहून आलेली मागणी मात्र आत कुणाकडे द्यायची हे त्याच्या नोंदीत नसतं, ती तो टाकून देतो. म्हणून बहिणीला तुमचं फोल्डर मिळत नाही. आणि प्रिंटर यादीत येतो तो नेटवर्कमधल्या सगळ्यांना उद्देशून दिलेल्या हाळीमुळे: "मी अमुक प्रिंटर, अमुक पत्त्यावर." ती हाळी राउटर ओलांडत नाही. पत्ता माहीत असेल तर प्रिंटर सापडेल, शोधून मात्र सापडणार नाही.

आता वरच्या राउटरला राउटरपणा सोडायला लावायचा. पत्ते वाटण्याचं काम फक्त मुख्य राउटरने करायचं आणि वरच्याने केबलवरचं वायफायवर आणि वायफायवरचं केबलवर एवढंच करायचं.

काम करताना डेस्कटॉप आणि वरचा राउटर एका छोट्या केबलने लॅन पोर्टमधून (चार सारख्या दिसणाऱ्यांपैकी एकातून) जोडा, डेस्कटॉपचं वायफाय बंद ठेवा आणि खालून आलेली केबल काढून ठेवा. वायफायवरून हे करायला गेलात तर मध्येच जोडणी तुटते आणि नेमकी कोणती सेटिंग जतन झाली तेच कळत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. आधी मेनूत ऑपरेशन मोड किंवा तशा नावाखाली "अ‍ॅक्सेस पॉइंट" असा पर्याय आहे का बघा. असेल तर तोच निवडा, बाकीचं तो स्वतः करतो आणि बहुतेक राउटरांत मग वॅन पोर्टही साध्या लॅनसारखा वागतो. त्यानंतर वरच्या राउटरचं पान जुन्या पत्त्यावर उघडणार नाही. त्याला मुख्य राउटरकडून नवा पत्ता मिळालेला असतो, तो मुख्य राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत शोधा.

असा पर्याय नसेल तर हाताने करा, आणि इथे क्रमाला महत्त्व आहे. पहिल्यांदा वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी लावून घ्या. मग लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क तोच. राउटर पुन्हा सुरू होईल. डेस्कटॉपला नवा पत्ता मिळेल आणि पान १९२.१६८.१.२ वर उघडेल. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, बंद करायचा तो यानंतर, अगदी शेवटी. तो आधी बंद केला तर डेस्कटॉपला पत्ता देणारं कुणी उरत नाही. विंडोज मग स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं आणि राउटरचं पानच उघडेनासं होतं. (कधी तसं झालंच आणि राउटरचा पत्ता अजून ०.१ असेल तर डेस्कटॉपला हाताने १९२.१६८.०.५० पत्ता द्या, १.२ झालेला असेल तर १९२.१६८.१.५०, पान उघडेल.) सगळं झालं की खालून आलेली केबल वॅनमध्ये न लावता चार लॅन पोर्टपैकी एकात लावा. वॅन रिकामा राहू द्या.

एक सावधगिरी. बहिणीला १.२३ मिळालाय, म्हणजे तुमचा मुख्य राउटर बहुधा अगदी खालच्या आकड्यांपासून पत्ते वाटतो. उद्या १.२ हाच पत्ता कुणाच्या फोनला दिला तर दोघांचाही गोंधळ होईल, आणि अशी टक्कर अधूनमधूनच होत असल्यामुळे ती सापडता सापडत नाही. मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर वाटपाची सुरुवात १.२० पासून करा. प्रिंटरचा १.४० त्याच पानावर त्याच्या नावे राखून ठेवता येतो, तोही ठेवा.

आता ५४. इतका नेमका आकडा दिसला की मी आधी सिक्युरिटीचं पान उघडायला सांगतो. ५४ एमबीपीएस ही ८०२.११जी या २००३ च्या मानकाची कमाल मर्यादा. २००९ मध्ये ८०२.११एन आलं तेव्हा ठरलं की वेप (वायफायची सगळ्यात जुनी सुरक्षा पद्धत) किंवा टीकेआयपी वापरणाऱ्या जोडणीला एनचे वाढीव वेग द्यायचे नाहीत. टीकेआयपी ही मुळातच तात्पुरती सोय होती. २००१ मध्ये वेप फोडता येतं हे उघड झालं, तेव्हा बाजारात असलेली लाखो यंत्रं फेकून न देता त्यांना तगवण्यासाठी ती काढली. तुमच्या राउटरवर नेमकं तेच निवडलेलं असल्यामुळे कार्ड आणि राउटर दोघंही नवे असूनही जुन्या वेगावर बोलताहेत. खालच्या राउटरवर असं नसणार, म्हणून तिथे सिग्नल कमी असून आकडा जास्त. तुमचं हे निरीक्षण फार मोलाचं होतं, त्यावरूनच कार्डाचा दोष नाही हे ठरलं.

तेव्हा "डब्ल्यूपीए२-पर्सनल" आणि "एईएस" निवडा. दोन्हींचं मिश्रण नको, निव्वळ एईएस. तिथेच आसपास डब्ल्यूएमएम (आवाज-चित्राच्या माहितीला अग्रक्रम देणारी सोय) असा पर्याय असेल तर तो चालू आहे ना बघा, तो बंद असला तरी जोडणी ५४ वरच थांबते. डब्ल्यूपीए३ दिसलं तर लगेच मोहात पडू नका. बऱ्याच प्रिंटरांना ते कळत नाही. द्यायचंच असेल तर २ आणि ३ मिळून असलेला पर्याय द्या. डब्ल्यूपीएसची बटणाची सोय वापरत नसाल तर बंद करा, तिच्या पिनमधली कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे.

राहता राहिली केबल. ती तयार आली की जागेवर टोकं बसवली? वरच्या राउटरला गिगाबिटचे पोर्ट असतील आणि दिवा किंवा स्टेटसचं पान १०० दाखवत असेल, तर केबलच्या आठपैकी चारच तारा नीट लागल्यात असं समजा. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. कॅट ५ई गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते, त्यामुळे घरातली लांबी हा प्रश्नच नाही.

उत्तर ३

नेटवर्कबद्दल वर सगळं आलंय. मी फक्त कार्डाबद्दल सांगते, संगणक जोडणं हे माझं रोजचं काम आहे.

ब्लूटूथ का दिसत नाही: या कार्डांवर वायफायचा भाग पीसीआय एक्सप्रेसमधून बोलतो, पण ब्लूटूथचा भाग यूएसबीवरून. म्हणून खोक्यात एक बारीक केबल येते. तिचं एक टोक कार्डावर आणि दुसरं मदरबोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरवर बसवायचं असतं. हेडरच्या दोन ओळींपैकी एका जागी पिन नसते आणि केबलच्या टोकालाही तिथलं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे उलटं बसत नाही. जोर लावू नका. आधी संगणक बंद करून पॉवर केबल भिंतीतून काढा आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा.

अँटेना कुठे आहेत? डेस्कटॉप टेबलाखाली, पाठ भिंतीकडे, अशा अवस्थेत असेल तर अँटेनांच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पेटी. याहून वाईट जागा नाही. वायरच्या टोकाला बैठक असलेल्या अँटेना मिळतात, त्या त्याच पेचांवर बसतात आणि टेबलावर ठेवता येतात. पेच आरपी-एसएमए जातीचा आहे ना तेवढं बघून घ्या.

मागे लावलेली यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क वापरत असाल तर तीही अँटेनांपासून लांब हवी. यूएसबी ३ ची वायर आणि कनेक्टर चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. २०१२ मध्ये इंटेलने त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ५ गिगाहर्ट्झवर याचा उपद्रव नाही, आणि तुमचा पॅसेज शेजारीच आहे म्हटल्यावर तसंही मी ५ गिगाहर्ट्झच वापरायला सांगेन. मध्ये एक दार आहे, स्लॅब नाही. ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि दोन अँटेना धरून ८०२.११एसीला ८६६ एमबीपीएसची जोडणी दिसायला हवी. चॅनल ३६ ते ४८ पैकी ठेवा. ५२ ते १४४ या चॅनलांवर राउटरला आधी रडारची चाहूल घ्यावी लागते, आणि रडार सापडलं तर त्याला चॅनल सोडावं लागतं. भर वाचनात तुम्हाला ते नको.

मात्र माझं स्पष्ट मत विचाराल तर डेस्कटॉपला केबलच द्या. पॅसेजपर्यंत ती आलेलीच आहे. वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून थेट डेस्कटॉपच्या मदरबोर्डावरच्या पोर्टला जोडली की वायफायचे सगळे प्रश्न मिटतात, आणि कार्ड फक्त ब्लूटूथपुरतं राहील.

प्रश्नकर्ती

केबलचा विचार आधी केला होता. पण ध्वनिमुद्रण करताना दार पूर्ण बंद व्हावं लागतं, खाली रबरी पट्टी लावलेली आहे. केबल मधून गेली की फट राहते आणि जिन्यावरच्या पावलांचा आवाजही वाचनात येतो. मुलं ही पुस्तकं हेडफोन लावून, परत परत ऐकतात. त्यांना तो आवाज दर वेळी ऐकावा लागेल. त्यामुळे या खोलीसाठी वायफायच.

तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सगळं केलं. वरच्या राउटरात अ‍ॅक्सेस पॉइंटचा वेगळा पर्याय नव्हता, म्हणून हाताने. डेस्कटॉपला आता १९२.१६८.१.३१ मिळालाय आणि प्रिंटर आपसूक यादीत आला. बहिणीला माझं फोल्डर मात्र तरीही उघडत नव्हतं. शोधल्यावर दिसलं की विंडोजने हे नवं नेटवर्क समजून "सार्वजनिक" ठरवलं होतं. ते "खासगी" केल्यावर उघडलं. सिक्युरिटी एईएस केली, डेस्कटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणला, अँटेना टेबलावर आल्या. आता ८६६ दिसतात आणि तासाभराची फाइल बहिणीकडे मिनिटाभरात पोचते. यूएसबीची ती बारीक केबल खोक्याच्या तळाशी पाकिटात होती. लावल्यावर ब्लूटूथही आलं.

खालून आलेल्या केबलची टोकं जागेवर बसवलेली आहेत आणि पान १०० च दाखवतंय. ते कसं सुधारायचं? आणि आणखी एक. खाली आणि वर वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखेच ठेवलेत, पण माझा फोन वर आला तरी खालच्या राउटरलाच चिकटून राहतो.

उत्तर २

दाराची अडचण पटली. अशा खोलीत मीही केबलचा आग्रह धरला नसता. "सार्वजनिक" आणि "खासगी"चं तुम्ही स्वतः शोधलंत ते चांगलं लक्षात आणून दिलंत, माझ्या उत्तरात ते यायला हवं होतं.

केबल: दोन्ही टोकांचे प्लग प्रकाशात धरा, पारदर्शक असतात. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे वर दिसतील असं धरून डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी हिरव्याच्या मध्ये बसते, ती शेजारी शेजारी लावली की घोटाळा होतो. १०० वर का होईना पण जोडणी चालते आहे, म्हणजे १, २, ३ आणि ६ या तारा जागेवर आहेत. ४, ५, ७, ८ मधली एखादी टोकापर्यंत पोचलेली नसेल किंवा अदलाबदल झाली असेल. ते टोक कापून नवा प्लग बसवा. जोड्यांचा पीळ प्लगच्या जितक्या जवळपर्यंत राखता येईल तितका राखा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. क्रिंपिंगचं साधन आणि तपासायचा छोटा टेस्टर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून करून घेतलं तर उत्तमच.

फोन: कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडून राहायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. खालचा सिग्नल ऐकू येतोय तोवर तो सोडत नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून थोडा का होईना वर येतो. मुख्य राउटरच्या २.४ चं ट्रान्समिट पॉवर मध्यमवर आणा. खालच्या खोल्यांत सिग्नल वजा ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास किंवा त्याहून चांगला मिळत राहिला तर कुणाची तक्रार येणार नाही, आणि वर मात्र फोनला तो इतका क्षीण ऐकू येईल की तो पॅसेजमधला शोधेल. २.४ वर खाली चॅनल १ आणि वर ११ ठेवा, रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ, म्हणजे दोघांची एकमेकांत लुडबूड होणार नाही. ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या रुंदीला ३६ ते ४८ हा अख्खा एकच पट्टा होतो, त्यामुळे वर ८० ठेवायचं असेल तर मुख्य राउटरचं ५ गिगाहर्ट्झ १४९ वर टाका, त्याच्या यादीत तो आकडा असेल तर. नसेल तर दोन्हीकडे रुंदी ४० करा, खाली ३६ आणि वर ४४.